रेघ कुणाच्या वावरातून गेली?

जालन्याहून मंठ्यामार्गे येणारा रस्ता देवगाव फाट्यावर फुटतो. एक वाट सेलूला, दुसरी जिंतूरला. कुठलीही धरा, दोन्ही अंगांना कापूस, सोयाबीन, तूर आणि ओढ्याच्या काठाने वेड्या बाभळी. परभणी जिल्ह्यात व्याघ्रप्रकल्प नाही, राष्ट्रीय उद्यान नाही. वाघ बघायचा तर इथला माणूस ताडोब्याला जातो, तेही मुलांच्या सुट्टीत, जमलं तर. त्यामुळे संरक्षित क्षेत्रांच्या सामाजिक परिणामांवरच्या लेखसंग्रहाला प्रस्तावना लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं की हे काम मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या कुणाला का देत नाही? तिकडची माणसं पुस्तकात लिहितच आहेत, असं उत्तर आलं. हा विषय आपला नाही असं समजणाऱ्या वाचकाशी बोलणारं कुणीतरी त्यांना हवं होतं.

तो वाचक मला ठाऊक आहे. तो रात्री जागलीला जातो. सोयाबीन दोन पानांवर आलं की हरणांचे कळप उतरतात, हरभऱ्याला घाटे धरले की रोही येतात, आणि रानडुकरांना तर हंगाम लागत नाही. बांधाला जुन्या साड्या लावून झाल्या, फटाके झाले, ज्याला परवडलं त्याने झटका मशीन बसवली. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण त्याला आहे. नुकसानभरपाई आहे, पण पंचनामा, सातबारा, बँकेचं पासबुक या वाटेने ती येईपर्यंत पुढची पेरणी आलेली असते. आणि जो बटईने करतो त्याच्या नावावर सातबाराच नसतो. अभयारण्याची हद्द इथून लांब असेल. संवर्धनाचा खर्च मात्र इथल्या वावरातही वसूल होतो, आणि ज्याच्याकडे कागद कमी त्याच्याकडून जास्त.

संवर्धनाने माणसांचं नुकसान होतं का, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. खर्च होणारच. तो कुणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरवणारी बैठक कुठे होते आणि तिला कुणाला बोलावलं जात नाही, इथून विचार सुरू केला तर या क्षेत्रातली बरीच गुंतागुंत सुटी होते. पुढचा सगळा आढावा मी त्याच अंगाने घेतला आहे.

हा वाद बाहेरून आलेला आहे, पाश्चात्त्य विद्यापीठांतला आहे, असं एक मत आपल्याकडे ऐकू येतं. ते खरं नाही. अमेरिकेत यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये जाहीर झालं आणि शोशोनी व इतर मूळ रहिवाशांना पुढच्या काळात तिथून हुसकावून लावण्यात आलं. माणूस बाहेर, निसर्ग आत, हा नमुना तिथून जगभर गेला. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा करत होते. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी आणि गायरानं जंगलखात्यात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना जागाच उरली नाही, ही तक्रार त्यात आहे. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली होती, आणि त्या वर्गवारीचा हिशेब मराठीत फुल्यांनी मांडला. तेव्हा त्या जंगलाचा हेतू वाघ वाचवणं हा नव्हता, लाकूड आणि महसूल हा होता. चराईवरच्या बंदीचा अनुभव मात्र तोच. १९३० मध्ये पुसद, बिळाशी, चिरनेर इथे लोकांनी गवत कापून आणि झाडं तोडून जंगल सत्याग्रह केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर स्वराज्य होतंच, पण घरची गुरंही होती. मराठवाडा त्या काळी निजामाच्या अमलाखाली; तो इतिहास वेगळ्या वाटेने गेला, आणि त्यावर लिहायला हवं तितकं कुणी लिहिलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर जंगलखातं तेच राहिलं, हेतूत भर पडली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. शिकारीने आणि लाकूडतोडीने खरोखरच घात केला होता. तो कायदा नसता तर आज वादाला वाघ उरले नसते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण कायद्याची यंत्रणा बघा. आधी हेतू जाहीर करणारी अधिसूचना निघते, मग जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करायची, मग अंतिम हद्द ठरायची. प्रत्यक्षात पहिली अधिसूचना आणि शेवटचा आदेश यांच्यात कित्येक ठिकाणी दशकं गेली. तोवर माणूस ना हक्कदार, ना अतिक्रमणदार. गुरं धरली गेली की दंड भरायचा आणि पुन्हा तिथेच चारायला न्यायची. राष्ट्रीय उद्यानात चराईला वावच नाही, अभयारण्यात काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात, हा फरक ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतो.

ज्या विचाराने हे सगळं चाललं त्याला अभ्यासक किल्लेबंद संवर्धन म्हणतात. रामचंद्र गुहा यांनी १९८९ च्या एका गाजलेल्या लेखात, निर्मनुष्य रानाची अमेरिकी कल्पना दाट वस्तीच्या गरीब देशांवर लादली की तिचा भार गरिबांवर पडतो, असं दाखवून दिलं. त्याआधीच राजस्थानातल्या भरतपूरने धडा दिला होता. १९८२ मध्ये केवलादेव उद्यानात म्हशींच्या चराईवर बंदी आली, गावकरी आणि पोलिसांत संघर्ष झाला, गोळीबारात माणसं गेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघालं ते असं, की म्हशी गेल्यावर गवत माजलं, पाण्याचा उघडा भाग आक्रसला आणि पाणपक्ष्यांची गैरसोय झाली. म्हणजे अन्याय झाला आणि पक्ष्यांचाही फायदा झाला नाही. मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की त्यात कुणी खलनायक नाही. बंदीमागे पक्ष्यांवर जीव असणारी, अभ्यासू माणसं होती. त्यांनी गुराख्याला विचारलं नव्हतं, एवढंच.

या पुस्तकाचा बराच भाग जंगलाबद्दल आहे, आणि ते स्वाभाविक आहे. पण आमच्यासारख्या उघड्या माळाच्या मुलखाला जवळची गोष्ट सोलापूरची. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. आकडा पुन्हा वाचा. अख्खा परभणी जिल्हासुद्धा इतका मोठा नाही. एवढ्या रेघेत तालुकेच्या तालुके आले, गावं आली, साखर कारखाने आले, वनखात्याची जमीन मात्र त्यात फारच थोडी. हातात आलेल्या नकाशावर कुणीतरी ढोबळ रेघ मारली आणि लाखो शेतकऱ्यांची खाजगी वावरं अभयारण्यात गेली. सुरुवातीला कुणाला पत्ताही नव्हता. मग जमीन बिगरशेती करायची, रस्ता न्यायचा, कालवा काढायचा, उद्योग उभा करायचा, विक्रीचं खरेदीखत करायचं, अशा प्रत्येक ठिकाणी माळढोक आडवा येऊ लागला. मुलीच्या लग्नाला एकर-दोन एकर विकणाऱ्याला त्या पक्ष्याविषयी काय वाटलं असेल? पुढे तज्ज्ञ समिती आणि सर्वोच्च न्यायालय अशी वळणं घेत क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर तीसेक वर्षं गेली होती.

आणि पक्षी? माळढोक उघड्यावर जमिनीवर अंडं घालतो, सहसा एकच. त्याला लागतो मोकळा, गवताळ, कोरडवाहू माळ. त्या तीस वर्षांत उजनीचं पाणी आलं, ऊस आला, सोलापूरजवळच्या नान्नजच्या परिसरात द्राक्षबागा फुलल्या, डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या. यातलं काहीच अभयारण्याच्या रेघेने थांबवलं नाही. ज्वारी-करडई आणि मेंढ्यांची चराई हा जो शेतीचा जुना रिवाज होता, त्यात माळढोक जगत होता. तो रिवाज टिकवणाऱ्या शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळावेत अशी तजवीज त्या अफाट क्षेत्रात कुणीच वेळेवर केली नाही. आज देशभरात हा पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरला आहे, आणि नान्नजला एखादा दिसलाच तर ती बातमी होते. लोकांना त्रास झाला म्हणून पक्षी वाचला, असा सौदासुद्धा झाला नाही. दोघंही हरले. संवर्धनाचा सामाजिक परिणाम हा पर्यावरणाच्या हिशेबाबाहेरचा, दयेचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी नान्नजला जाऊन यावं.

मेळघाटची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. तिथे रेघ मारून माणसांना जागच्या जागी अडकवलं नाही, त्यांना उचलून दुसरीकडे नेलं. बोरी, कोहा, कुंड ही कोरकू आदिवासींची गावं या शतकाच्या सुरुवातीला हलवली गेली, नंतर अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. २००६ च्या दुरुस्तीनंतर व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून गाव हलवायचं तर ग्रामसभेची संमती हवी आणि ते स्वेच्छेनेच हवं, असं कायदा सांगतो. कुटुंबामागे आधी १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपयांचं पॅकेज आहे. अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेला असो वा नसो, आणि अविवाहित मुलगी यांना स्वतंत्र कुटुंब धरलं जातं. संमती खरी असते का? काही गावांनी मनापासून मागणी केली, हे खरं आहे. गावात रस्ता नाही, दवाखाना नाही, शाळेचा मास्तर पावसाळ्यात येत नाही, वीज नाही; आणि या सोयी नाहीत त्या गाव गाभ्यात आहे म्हणूनच. अशा माणसाने ‘आम्हाला बाहेर न्या’ म्हटलं तर ती स्वेच्छा म्हणायची की कंटाळा, हे ठरवणं सोपं नाही.

खाली सपाटीवर उतरल्यावर काय होतं, हा या क्षेत्रातला सगळ्यात कमी नोंदलेला भाग. अकोट-तेल्हाऱ्याच्या काळ्या मातीत कोरकू माणूस उतरतो तेव्हा त्याच्या हातात एकरकमी पैसा असतो आणि भोवती मोटारसायकलच्या शोरूमपासून सावकारापर्यंत सगळे हजर. मोह, चारोळी, कंद, डोंगरातली भाजी, मासे हे जे बिनपैशाचं होतं ते आता विकत घ्यायचं. मजुरी करायची ती दुसऱ्याच्या कपाशीत. आजारपण आणि मृत्यू वाढल्याच्या, जमीन न मिळाल्याच्या तक्रारी करत काही कुटुंबं जुन्या गावठाणांकडे परतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची वनकर्मचारी व पोलिसांशी चकमक झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. याच काळात रिकाम्या झालेल्या गावांच्या कुरणांत गवत वाढलं, चितळ-गवे आले, वाघ आले, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एका पानावर लिहिणारे लेखक मराठीत थोडे आहेत. वाघवाला कुरण लिहितो, चळवळीतला मृत्यू लिहितो.

या अनुभवांतून वेगवेगळे प्रवाह निघाले. १९९० च्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापन आणि पर्यावरण-विकास आले: हद्दीवरच्या गावांना गॅस द्या, निर्धूर चुली द्या, रोजगार द्या, म्हणजे ते जंगलात कमी जातील. हेतू बरा, पण त्यात गावकरी लाभार्थी होता, मालक नव्हता. २००५ मध्ये, राजस्थानातल्या सारिस्का व्याघ्रप्रकल्पातले वाघ संपल्यावर, सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिदलाने स्थानिकांना शत्रू करून वाघ वाचणार नाही असं सरकारलाच सांगितलं. पुढच्या वर्षी वनहक्क कायदा झाला. हा हक्काचा प्रवाह. त्याच्यामागे एलिनॉर ऑस्ट्रॉमचं काम उभं आहे: सामायिक संपत्तीची नासाडी होणारच हे गृहीत चुकीचं आहे, नियम करण्याचा अधिकार असेल तर गावं ती सांभाळतात, हे तिने जगभरातून दाखवलं आणि २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्याच वर्षी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हक्क मिळाल्यावर बांबूतून कमाई केली, पण तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हातातलं उत्पन्न सोडायचा निर्णय ग्रामसभेने स्वतः घेतला. असा निर्णय बाहेरून लादला असता तर जंगल सत्याग्रह झाला असता.

आणखी एक प्रवाह सहजीवनाचा. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात उसाच्या शेतांमध्ये, दाट वस्तीत राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला आणि संरक्षित क्षेत्राच्या कल्पनेलाच धक्का बसला. जनावरं नकाशा वाचत नाहीत. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तेलंगणाला शिवून, नांदेड, हिंगोली, वाशिम करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरच्या आसपास चाल. तो चालला ते आमच्यासारख्यांच्या तुरीतून आणि कपाशीतून, दिवसा ओढ्याच्या झुडपात बसून. ज्या गावांनी त्याला जाऊ दिलं त्यांना बहुधा तो कळलाही नाही. सहजीवनाचा अर्थ मात्र सोसणं असा होऊ नये. ताडोब्याभोवती मोह वेचायला किंवा तेंदूपत्त्याला गेलेली माणसं मरतात, आणि त्याच जंगलात सफारीचं बुकिंग महिनोनमहिने फुल्ल असतं. त्या पैशातून काही गाइड, काही जिप्सीवाले उभे राहिले, ही चांगली गोष्ट. रिसॉर्टची जमीन कुणाच्या नावावर आहे ते मात्र विचारा.

इथे चळवळीच्या बाजूलाही एक कडू गोष्ट सांगायला हवी. ‘गाव’ म्हणजे एकजिनसी, निसर्गाशी सोयरीक असलेला समाज, हे चित्र मराठवाड्यात टिकत नाही. देवरायांचं कौतुक करताना, काही देवरायांत बायकांना प्रवेश नाही हे आपण हळूच गाळतो. आणि गायरान घ्या. माळरानाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने गायरान म्हणजे काळवीट, लांडगा, खोकड, धाविक यांचा शेवटचा आसरा. भूमिहीन दलिताच्या दृष्टीने ती गावातली एकमेव जमीन, जी मागता येते. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून बीडच्या एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानापर्यंत हा लढा चालत आला. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला, घरं जळाली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानांवरच्या अतिक्रमणांना नोटिसा निघाल्या तेव्हा पुन्हा तोच माणूस हादरला. आता उद्या कुणी ‘माळराने वाचवा’ म्हणत आलं, तर त्याच्या यादीत आधी कुणाचं पाल उठेल? फासेपारध्यांचं असंच. १९७२ च्या कायद्याने त्यांची शिकार गुन्हा झाली, पर्याय मिळाला नाही, आणि आधीच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीवर आणखी एक शिक्का बसला. माळावरच्या तित्तिराची आणि तणमोराची त्यांच्याइतकी जाण कुणाला नाही. कारंजा लाडच्या ‘संवेदना’ संस्थेने वाशिम-अकोल्याकडे फासेपारध्यांबरोबर गवताळ माळ राखण्याचं काम केलं, ते म्हणूनच मोलाचं.

बाजू कशा फिरतात याचा एक नमुना आमच्याच पाण्यावर घडला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी परभणी जिल्ह्यात येतं. त्या धरणाच्या नाथसागर जलाशयावर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. आधी धरणाने लोक उठवले, मग अभयारण्याने मासेमारी आणि गाळपेरीच्या कटकटी आणल्या. अलीकडे तिथे तरंगता सौरप्रकल्प आला, तेव्हा त्याविरुद्ध पैठणच्या कहार समाजाची संघटना हरित न्यायाधिकरणाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचा आधार होता अभयारण्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र. २०२५ मध्ये तिची याचिका फेटाळली गेली. ज्या रेघेचा जाच होता तीच ढाल म्हणून हाती घ्यावी लागली, कारण दुसरी कुठली ढाल नव्हती.

ही वेळ या पुस्तकाची का आहे, ते इथेच दिसतं. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र संरक्षणाखाली आणायचं ठरवलं. भारतासारख्या देशात ही वाढ वाघांच्या डोंगरांतून पुरी होणार नाही. ती माळावर, गायरानावर, पाणसाठ्यांवर, समुद्रकिनाऱ्यावर येईल. त्याच जमिनींवर सौरऊर्जा कंपन्यांचा आणि महामार्गांचाही डोळा आहे. दुसरीकडे, वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना बाहेर काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१९ चा आदेश त्याच महिन्यात स्थगित झाला, तरी ती टांगती तलवार गेलेली नाही. मार्ग नाही असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या मकुलेके लोकांना १९६९ मध्ये क्रुगर उद्यानासाठी हाकललं होतं. १९९८ मध्ये जमीन त्यांना परत मिळाली आणि त्यांनी ती नांगरली नाही, संवर्धनाखालीच ठेवली, पर्यटनाच्या अटी मात्र आपण ठरवल्या.

या संग्रहाचं धोरण मला आवडलं ते असं, की त्यात निकाल द्यायची घाई नाही. वनरक्षकाचं म्हणणं आहे, ज्याला वणव्याच्या रात्री पायी धावावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात तोंड दाखवावं लागतं. विस्थापित बाईचं आहे, अभ्यासकाचं आहे, सफारीच्या गाइडचं आहे. त्यांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत आणि संपादकांनी ती जुळवलेली नाहीत. काही लेखांतले आकडे कुणाला कोरडे वाटतील. ते वगळून पुढे जाऊ नका, कारण या विषयात भावना मुबलक आणि मोजमाप तुटपुंजं अशी स्थिती आहे. माझी तक्रार एकच. जंगलाच्या गाभ्याला पुस्तकात भरपूर पानं मिळाली आहेत, आणि हरणांनी खाल्लेल्या कोरडवाहू पिकाला, बटईदाराच्या न मिळालेल्या भरपाईला, गायरानावरच्या पालाला त्या मानाने कमी. संपादकांना मी हे सांगितलं. त्यांचं म्हणणं, लिहिणारं कुणी मिळालं नाही. सेलू, जिंतूर, मंठा, पाथरीच्या बाजूला ज्याच्याकडे आपल्या गावच्या भरपाईच्या अर्जांची फाइल पडून आहे, त्याने ती उघडावी आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहायला घ्यावं.

देवगाव फाटा, ता. सेलू, जि. परभणी